चहा निवेपर्यंत

डेपोतले ड्रायव्हर त्यांना मिनिटसाहेब म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं साहेब. पण वेळापत्रकाच्या खोलीचं दार लागलं रे लागलं की बाहेरच्या बाकावर ‘आज मिनिटसाहेबांनी कुणाचं काय कापलं?’ ही चर्चा सुरू. साहेबांना ते नाव ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, मनातून त्यांना ते आवडायचंही.

तेहतीस वर्षं त्यांनी त्या खोलीत काढली. खोली म्हणजे जिन्याखालची चिंचोळी जागा. एक उतरतं टेबल, चार रंगांच्या पेन्सिली, खोडरबराचा चुरा झटकायला दाढीचा जुना ब्रश आणि भिंतभर चौकटींचा तक्ता. कुठली बस किती वाजता सुटणार, कुठे किती थांबणार, तिच्यावर ड्रायव्हर कोण, सगळं त्या चौकटींत ठरायचं. फेरी संपली की परत निघण्याआधी ड्रायव्हरला थोडा वेळ असतो. पाणी प्यावं, पाय मोकळे करावेत, पाठ टेकावी. ड्रायव्हर लोक त्याला ‘टेक’ म्हणायचे. तक्त्यावर टेक म्हणजे रिकामी चौकट, आणि रिकामी चौकट दिसली की मिनिटसाहेबांचा हात खोडरबराकडे जायचा. बारा मिनिटांची टेक त्यांनी दहावर आणली, दहाची सातवर. साठलेल्या मिनिटांतून जादा फेऱ्या काढल्या आणि वरच्या साहेबांची शाबासकी घेतली. ड्रायव्हरांकडून काय घेतलं ते आपण न बोललेलं बरं.

साऱ्या डेपोत एकच माणूस त्यांना पुरून उरला. डोंगरापलीकडच्या फेरीचा ड्रायव्हर. गाडी इतकी निवांत चालवायचा की लोकांनी त्याचं नावच सावकाशमामा ठेवलं होतं. घाट चढून माथ्यावर आला की हा बाबा गाडी बाजूला लावायचा, सीटखालचा थर्मास काढायचा, झाकणात चहा ओतायचा आणि पंधरा मिनिटं बसून राहायचा. तक्त्यात त्या जागी एक मिनिटसुद्धा नव्हतं. साहेबांनी मेमो काढला: घाटमाथ्यावर विनापरवाना थांबल्याबद्दल लेखी खुलासा करावा. मामांचा खुलासा आला. एक ओळ. ‘चहा गरम होता.’ खाली सही.

साहेबांचं टाळकंच फिरलं. दुसरा मेमो. तोच खुलासा. असे अकरा मेमो झाले आणि अकराही वेळा चहा गरमच निघाला. पालथ्या घड्यावर पाणी. दोनदा त्यांनी मामांना घाटावरून काढून गावातल्या फेरीला जुंपलं आणि दोन्ही वेळा दोन-तीन महिन्यांत गुपचूप परत पाठवलं, कारण घाटात दुसरं कुणी टिकेना. मामा रिटायर झाले त्या दिवशी सगळा डेपो जमला होता. मिनिटसाहेब नव्हते. त्यांना म्हणे तक्त्याचं फार काम होतं.

हे झालं डेपोतलं. आता घरचं ऐका.

साहेबांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. सगळा गाव त्यांना बाई म्हणायचा, तेव्हा आपणही बाईच म्हणू. दक्षिण अमेरिकेचा नकाशा त्या फळ्याकडे न बघता काढायच्या. पश्चिमेला अँडीजची रांग, तिच्या कुशीत उंचावरचा सपाट प्रदेश आणि त्यात, बोलिव्हिया नावाच्या देशात, मिठाचं मैदान. नजर पोचेल तिथवर पांढरं आणि षटकोनी भेगांनी आखलेलं. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. “बाई, तुम्ही पाहिलंय?” बाई म्हणाल्या, नाही गं. “मग तुम्हाला कसं माहीत?” वर्ग हसला, बाईही हसल्या. पण चपलेत खडा जावा तसा तो प्रश्न त्यांच्या मनात जाऊन बसला आणि पुढची वीस वर्षं निघाला नाही.

घरी विषय काढला की साहेब म्हणायचे, रिटायर झाल्यावर बघू. दोघंही रिटायर झाले. मग म्हणाले, लेकीचं होऊ दे. लेकीचं झालं, ती परगावी नांदायला गेली. मग म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की. आणि पुढच्या वर्षी बाईंना न्यूमोनिया झाला.

तीन आठवडे हॉस्पिटल. त्यातले सहा दिवस काचेच्या पलीकडे, नाकातोंडाला नळ्या लावून. सहाव्या दिवशी काचेबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून साहेब मनात म्हणाले, ही बरी होऊ दे, हिला तिच्या मिठावर नेतो. कुणाला म्हणाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाई बऱ्या झाल्या. डाव्या फुप्फुसाचा एक तुकडा कायमचा गेला, तेवढं वजा जाता पूर्ण बऱ्या झाल्या. तेव्हापासून सकाळी स्वयंपाकघरात भांडं वाजलं की साहेबांना अंथरुणातच भरून यायचं. बायको घरात आहे, चालते आहे, भांडी आपटते आहे, एवढ्यानं माणूस इतका सुखावू शकतो हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. कळलं हेही काही कमी नाही.

तर साहेबांनी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि चौकटी आखल्या. जित्याची खोड. दोन महिने त्यांनी त्यात जीव ओतला. व्हिसाचे कागद. पिवळ्या तापाची लस, ती निघण्याआधी निदान दहा दिवस घ्यावी लागते. विमा, तोही उंचावर आजारी पडलं तर खाली आणण्याची सोय करणारा. तिकडे ऋतू आपल्या उलट. पावसाळ्यात मैदानावर पाणी साचतं आणि बाईंना हव्यात कोरड्या भेगा. भर हिवाळ्यात रात्री पाणी गोठतं. म्हणून सप्टेंबरचा शेवट धरला. इथवर कुणी नाव ठेवावं असं काही नव्हतं. पण मग आला प्रवास. चौदा दिवस, तीन देश, सतरा ठिकाणं. बस नऊ चाळीसला पोचणार, पुढची दहाला सुटणार. विमान थेट उंचावरच्या मोठ्या शहरात उतरणार, म्हणजे खालून चढत जायला नको.

“दोन दिवस वाचवले बघ,” त्यांनी बाईंपुढे कागद सरकवला.

बाईंनी शांतपणे सगळा वाचला. “यात मीठ किती वेळ आहे?”

“एक तास वीस मिनिटं. फोटो धरून.”

बाईंनी कागदाची घडी घातली. “एकदा डॉक्टरांना दाखवू या,” एवढंच म्हणाल्या. एकतीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई ती, कुणाला कुठे नेऊन उभं करायचं ते तिला बरोबर कळायचं.

छातीच्या डॉक्टर वयानं लेकीएवढ्या, पण जिभेला हाड नाही. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. “हा कुणी केला?”

“मी,” साहेब ताठ बसून म्हणाले.

“तुमचं यांच्याशी काही वैर आहे का?”

साहेबांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. ते विमान उतरतं चार हजार मीटरवर. हवा विरळ. धडधाकट माणसालाही पहिल्या दिवशी तिथे जिना चढताना धाप लागते, डोकं ठणकतं. यांचं तर फुप्फुसच कमी. साहेबांनी कागदावर अंतरं घेतली होती, तास घेतले होते, मिनिटं घेतली होती. उंची एकाही चौकटीत नव्हती. अख्ख्या डोंगराळ देशाचं वेळापत्रक त्यांनी सपाट जमिनीवर केलं होतं.

डॉक्टरांनी बाईंना व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं, बोटाला यंत्र लावून रक्तातल्या ऑक्सिजनचे आकडे घेतले, पुन्हा बसवलं. “नको जाऊ, असं मी म्हणणार नाही. पण टप्प्याटप्प्यानं चढा. खाली काही दिवस, मध्ये काही दिवस, मग वर. वर एकच रात्र. गाडीत ऑक्सिजनचा सिलिंडर हवाच. सकाळी आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली असेल तर त्या दिवशी पुढे चढायचं नाही. हा आकडा यांच्यापुरता आहे, दुसऱ्या कुणाला सांगत बसू नका. आणि घाईघाईनं वर नेलंत, तर परत आणणं तुमच्या हातात राहणार नाही.”

बाहेर आल्यावर रस्ता ओलांडता ओलांडता बाई म्हणाल्या, “नाही जमलं तर राहू दे हं. मी नकाशात पाहिलंय ना.” साहेबांना ते फार लागलं.

त्यांनी नवा कागद घेतला. तीन देशांचा एक केला, सतरा ठिकाणांची चार. पहिल्यांदा सांता क्रूझ, ते जेमतेम चारशे मीटरवर. मग डोंगरातलं एक लहानसं गाव, सोळाशे मीटरवर, जिथे फारसं कुणी फिरकत नाही. मग सुक्रे, दोन हजार आठशे. आणि शेवटी मिठाच्या कडेचं उयुनी, साडेतीन हजारांच्या वर. बावीस दिवस. शहाण्याला शब्दाचा मार, म्हणाल तुम्ही. पण थांबा. बाईंनी कागद हातात घेतला.

“हा विश्रांतीचा दिवस ना?”

“हो.”

“मग यात सहा ठिकाणं कशाला?”

“सगळी जवळजवळ आहेत अगं. पायी होतात.”

बाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता खोकला आला, आणि तो खोकला लवकर थांबेना. साहेब पाण्याचा पेला घेऊन उभे राहिले. त्या दोन मिनिटांत त्यांचं एक बिंग त्यांच्यापुढेच फुटलं. रिकामा दिवस कसा आखायचा ते त्यांना येतच नव्हतं. तेहतीस वर्षं ते फक्त रिकामी चौकट पुसायला शिकले होते. आता ती राखायची होती, आणि नाही राखली तर बायको दगावेल अशी गाठ होती. ज्याला टेक म्हणजे काय ते कळतं असा माणूस त्यांना एकच माहीत होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे गाढव कोण होतं ते तुम्हीच ठरवा.

सावकाशमामा डेपोमागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी खुर्च्यांना वेत विणून द्यायचं काम धरलं होतं. गॅलरीत सात-आठ खुर्च्या उभ्या-आडव्या पडलेल्या, बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या. दार सुनेनं उघडलं.

“या साहेब,” मामा आतूनच म्हणाले, जसे काही कालच भेटले होते. “बसा. तिच्यावर नको, तिला अजून बूड नाही.”

सून पाणी घेऊन आली. “तुम्हीच का ते मेमोवाले? तुमचा कागद मात्र चांगला जाड हं. मी कपाटाच्या खणात डब्यांखाली घातलेत सगळे. इतकी वर्षं झाली, एक फाटला नाही.”

साहेबांनी मान खाली घालून पाणी प्यायलं. मग बायकोचं दुखणं सांगितलं, डॉक्टरांचं बोलणं सांगितलं आणि खुर्चीच्या सांगाड्यावर कागद पसरला. मामांनी हात पुसले, चष्मा चढवला, प्रत्येक चौकटीवर बोट ठेवत ठेवत वाचलं. वाचायलाही सावकाशच.

“बाई किती वर पोचल्या, हे कशावरून कळणार?”

“हे काय, लिहिलंय की. अकरावा दिवस, सुक्रे, दोन हजार आठशे.”

“ते तुम्ही किती वर पोचलात ते झालं. बाई किती?”

साहेबांनी पुन्हा कागदावर बोट ठेवलं.

“घाटात मैलाचे दगड बघून गाडी हाकत नाहीत साहेब. काटा बघतात. इंजिन किती तापलंय तो.”

“मग काटा बघायला पंधरा मिनिटं लागतात?” साहेबांच्या तोंडून जुनं वाक्य निसटलंच.

“माझ्या गाडीचा काटा बंद होता. सात वर्षं. दुरुस्तीचे अर्ज केले होते, तुमच्याच टेबलावरून पुढे जायचे.” मामांच्या आवाजात राग नव्हता, असता तर साहेबांना सोपं गेलं असतं. “मग मी माझा काटा केला. माथ्यावर आलं की झाकणात चहा ओतायचा. तो पिण्याजोगा झाला की इंजिनही निवलेलं असायचं. माझे हातही. थंडीत लवकर निघायचो, उन्हाळ्यात उशिरा. पुढे सगळा उतार आणि मागे पन्नास माणसं. चहा गरम होता म्हणजे गाडी गरम होती. आणखी काय लिहायला हवं होतं?”

साहेबांना माफी मागावीशी वाटली. खरंच फार वाटली. पण मेमो लिहून लिहून माणसाची जीभ अशी काही ताठरते की वळता वळत नाही. सुनेनं आणलेल्या चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, “चहा चांगला झालाय.” मामा हसले आणि त्यांनी कागदावर चार ठिकाणी बोट ठेवलं. “हे चार दिवस कोरे सोडा. यांत काही लिहायचं नाही. पेन्सिलीनंसुद्धा नाही.”

एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिघं डेपोसमोरच्या पादचारी पुलावर. बेचाळीस पायऱ्या. पुढे मामा, मधे बाई, मागे साहेब. मामा अशा चालीनं चढायचे की मागून येणारे दूधवाले पुढे जायचे, दप्तरं घेतलेली पोरं पुढे जायची, एकदा तर काठी टेकत एक आजोबा पुढे गेले आणि वर जाऊन त्यांची वाट बघत थांबले. नियम एकच होता: चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटलं की थांबायचं, मग पायरी कुठलीही असो. बाई दक्षिण अमेरिकेतल्या नद्या म्हणत चढायच्या. पहिल्या दिवशी चार वेळा वाक्य तुटलं. साहेब मनगट वर करून बघायला लागले तसे मामा मागे न वळता म्हणाले, “साहेब, उद्यापासून घड्याळ घरी.” त्यांना पाठीला डोळे असावेत. सहा आठवड्यांनी एका सकाळी बाई न थांबता वर पोचल्या आणि वरून म्हणाल्या, “आणि या सगळ्या नद्या शेवटी अटलांटिकला मिळतात, असं मी म्हणत होते, ते पूर्ण झालं.” साहेबांनी कठड्याला धरून डोळे पुसले. धूळ फार, म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी मामांनी थर्मास आणून दिला. तोच, पोचे आलेला. “काटा सोबत असू दे,” म्हणाले.

आणि मग ती दोघं खरोखर गेली. बाईंनी पुस्तकातून दहा-बारा स्पॅनिश वाक्यं पाठ केली होती; साहेबांनी एकच शब्द पाठ केला, देस्पासियो, म्हणजे सावकाश. टॅक्सीवाल्याला देस्पासियो, सामान उचलणाऱ्याला देस्पासियो. मिनिटसाहेबांच्या तोंडी हा शब्द ऐकून डेपोतल्या बाकावरच्या मंडळींनी काय केलं असतं कोण जाणे. सांता क्रूझला तीन रात्री झाल्या, डोंगरातल्या गावात चार. तिथे बघायला एक चौक आणि चौकात चार बाकं. बाई बाकावर बसून वही भरायच्या, साहेब शेजारी बसायचे. रोज सकाळी थर्मासच्या झाकणात चहा ओतायचा, तो निवेपर्यंत बाईंनी स्वस्थ बसायचं, मग बोटाला यंत्र लावायचं आणि आकडा लिहायचा. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. सुक्रेला पोचल्यावर आकडे आले एकोणनव्वद, नव्वद, एक्क्याण्णव.

तिथल्या पाचव्या दिवशी सकाळी सातला उयुनीची जीप ठरली होती. सोबत आणखी दोन प्रवासी. बाई पाचलाच उठून तयार. स्वेटर घातलेला, बुटाच्या नाड्या बांधलेल्या, गळ्यात दुर्बीण. रात्री थोडी सर्दी झाली होती, नाक वाहत होतं, एवढंच. साहेबांनी चहा ओतला. चहा निवला. यंत्र लावलं.

चौऱ्याऐंशी.

त्यांनी यंत्र काढून पुसलं, दुसऱ्या बोटाला लावलं. चौऱ्याऐंशीच.

“हात गार आहेत म्हणून,” बाई म्हणाल्या. “मला काही...” आणि श्वास घेतला. “...होत नाहीये. चला.”

बाहेर जीप येऊन थांबली होती. साहेबांच्या डोक्यात सगळा तक्ता एकदम उभा राहिला. ही जीप सोडली तर पुढची तीन दिवसांनी. त्याच्या पुढे परतीचं विमान. चार कोऱ्या दिवसांतले तीन जाणार, आणि तरीही आकडा चढला नाही तर मीठ राहिलंच. वीस वर्षं थांबलेली बायको दारात बूट घालून उभी आहे, आणि वर फक्त आठ तासांचा रस्ता. आयुष्यभर त्यांनी अशा वेळी एकच केलं होतं. पण तिचं वाक्य मधे तुटलं होतं, आणि ते त्यांनी ऐकलं होतं.

ते बाहेर गेले. जीपवाल्याला खुणेनं सांगितलं की आज नाही. आत आले तेव्हा बाई पलंगाच्या कडेला बसून रडत होत्या. “दारापर्यंत आले होते हो मी.”

साहेब खाली बसले आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. “गाडी गरम आहे,” ते म्हणाले. “निवू दे.”

ते तीन दिवस साहेबांनी काय केलं, तर काहीही नाही. उतरले होते त्या घराच्या अंगणात ऊन यायचं, तिथे दोन खुर्च्या मांडायच्या. बाई शाल पांघरून डुलक्या घ्यायच्या, घरमालकीण मधून मधून गरम पाणी आणून द्यायची. साहेब नुसते बघत बसायचे. शालीखाली छाती वर होते, खाली जाते. वर होते, खाली जाते. काचेबाहेरच्या खुर्चीवर बसून त्यांनी हेच मोजलं होतं, जीव मुठीत धरून. आता मोजायचं काही नव्हतं. नुसतं बघायचं होतं. ही चौकट आपण जन्मभर रिकामी समजत होतो, साहेबांच्या मनात आलं. आणि ती त्यांना मिळाली म्हणून ते त्या परक्या अंगणात बसून एकेकाचे आभार मानत राहिले: त्या फटकळ डॉक्टरचे, घरमालकिणीचे, काठीवाल्या आजोबांचे, आणि ज्यांचे मानायला तेहतीस वर्षं उशीर झाला होता त्यांचे.

शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वद.

जीप आली. मागे सिलिंडर, पुढे बाई, आणि ड्रायव्हरच्या कानाशी साहेब: देस्पासियो. वाटेत रस्ता चार हजार मीटरच्या वर जातो, तिथे न थांबता पुढे उतरून उयुनीला रात्र काढली. सकाळी आकडा थोडा उतरला, पण एवढ्या उंचीवर तेवढा उतरेल असं डॉक्टरांनी आधीच लिहून दिलं होतं. आणि ऊन वर आल्यावर ती दोघं मिठावर गेली.

बाई उतरल्या. दहा पावलं चालल्या, थांबल्या. चहूकडे पांढरं, पायाखाली षटकोन, एकाला एक लागून, पार आकाशापर्यंत. त्या हळूच गुडघ्यांवर बसल्या, एका भेगेवरून बोट फिरवलं, फळ्यावर फिरवायच्या तसं. मग ते बोट जिभेला लावलं.

“खारट आहे आणि भेगा खरंच सहा बाजूंच्या आहेत, आता कुणी विचारलं तर मला कसं माहीत ते सांगता येईल,” त्या म्हणाल्या. अख्खं वाक्य. कुठेही तुटलं नाही. साहेबांनी यंत्र खिशातून काढलंच नाही.

“किती वेळ आहे आपल्याला?” बाईंनी सवयीनं विचारलं.

“चहा निवेपर्यंत,” साहेब म्हणाले आणि झाकणात चहा ओतला. आता गंमत अशी की त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, त्यामुळे चहा मुळात फार गरम होतच नाही, वर वारा. पाच मिनिटांत निवला. तसा साहेबांनी तो पिऊन टाकला आणि दुसरा ओतला. मग तिसरा. मग चौथा. मिनिटांच्या हिशेबात उघड उघड लबाडी करायची त्यांची ही पहिलीच वेळ.

त्याच रात्री ती दोघं सुक्रेला उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी वहीतलं एक पान फाडलं, पट्टीनं समास आखला आणि लिहिलं. लिहून त्याचा फोटो काढला आणि मामांच्या सुनेला पाठवला.

‘मेमो क्रमांक बारा. विषय: घाटमाथ्यावर पंधरा मिनिटे थांबल्याबाबत. आपण अकरा वेळा सादर केलेला खुलासा या कार्यालयाने वाचला होता, पण समजून घेतला नव्हता. याबद्दल मी आपली माफी मागतो. चहा गरम होता, हा खुलासा मान्य करण्यात येत आहे. माझी पत्नी सुखरूप वर पोचली आणि सुखरूप खाली आली. मी आपला ऋणी आहे.’ खाली सही, पूर्ण.

संध्याकाळी सुनेचं उत्तर आलं. साहेब ते बाईंना मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. “बाबांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ गॅलरीत बसले होते. आता म्हणतायत, ते अकरा डब्यांखालीच असू देत, पण हा बारावा...”

इथे साहेबांचं वाक्य तुटलं. पुढचं येईना. बाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला नाही, की स्वतः वाचून टाकलं नाही.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “घाई कुठे आहे.”